चाबी खुंटीवरच राहू द्या

बाकी महाराष्ट्रात शाळेची घंटा जूनच्या मध्यावर वाजते. आपल्याकडे उन्हामुळे ती जूनच्या शेवटच्या आठवड्यावर जाते. तोवर दहावीचा निकाल लागून गेलेला असतो, शिकवणी ठरलेली असते आणि घराघरात एकच वाक्य ऐकू येऊ लागतं, "पोट्ट्याले गाडी पाह्यजे." गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत तीन नव्या गाड्या आल्या. तिन्हींना झेंडूचा हार, तिन्हींपुढे नारळ. आणि तिन्हींवर पहिली चक्कर मारायला जे बसले, त्यातल्या एकालाही अठरा पूर्ण नव्हती.

म्हणून हे लिहायला बसलो. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, देवळी, सेलू, समुद्रपूर, कारंजा आणि आष्टी या आठही तालुक्यांतल्या आईबापांना, काका-मामांना, आजोबांना आणि ट्रॅक्टर-पिकअपच्या मालकांना हात जोडून विनंती आहे. हे वाचून झाल्यावर उठा आणि घरातल्या गाड्यांच्या चाब्या मोजा. ज्याच्याकडे चालू लायसन्स नाही, त्याच्या खिशातली चाबी आज संध्याकाळच्या आत काढून घ्या. शाळा उघडल्यावर बघू, पेरणी आटोपल्यावर बघू, असं करू नका.

ही विनंती मी पोरांना करत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला चाबी दिली तर तो गाडी चालवणारच. आपणही चालवली होती. लुना होती, एम-एटी होती, वडील दुपारी डोळा लागून पडले की हळूच ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत न्यायची आणि तिथे चालू करायची. फरक एवढाच की तेव्हा चोरून न्यावी लागे. आता आपण हौसेने हातात देतो, वर मोबाइलवर फोटो काढून गटात टाकतो. उद्या काही झालं तर तो फोटो न्यायालयात काय सांगेल, याचा विचार करा.

कारण कायदा बदलला आहे. पूर्वी बिनालायसन्स सापडलं की पाचशे रुपयांत सुटका व्हायची. तीच आठवण अजून आपल्या डोक्यात बसली आहे. मोटार वाहन कायद्यातली मोठी दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. महाराष्ट्राने दंडाचे नवे दर थोडे थांबून, डिसेंबर २०२१ मध्ये अमलात आणले. आज कलम १८१ प्रमाणे बिनालायसन्स गाडी चालवणाऱ्याला पाच हजार रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ज्याने अशा माणसाला आपली गाडी दिली त्याला कलम १८० प्रमाणे वेगळी तेवढीच शिक्षा. म्हणजे शेजारच्याला 'जरा बाजारात जाऊन ये' म्हणून गाडी दिली आणि त्याच्याकडे लायसन्स नाही, तर एका फेरीचे दोन गुन्हे. ज्याचं लायसन्स रद्द किंवा निलंबित झालेलं असूनही जो चालवतो, त्याला कलम १८२ खाली दहा हजार. शिवाय कलम २०७ खाली पोलिसांना गाडी तिथल्या तिथे अडकवून ठेवता येते.

इथवर सगळं 'किंवा'मध्ये आहे. दंड किंवा कैद. पण चालवणारा अठराच्या आतला निघाला की कलम १९९-अ लागतं, आणि तिथे हा 'किंवा' जातो आणि 'आणि' येतो. पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लर्निंगसुद्धा मिळणार नाही. सतराव्या वर्षी सापडलेला मुलगा आठ वर्षं पायी. आपल्याकडची पोरं नोकरीला नागपूर-पुण्याला जातात. तिथे माल पोचवायच्या कामापासून एसटीच्या चालकापर्यंत किती ठिकाणी आधी लायसन्स मागतात, ते त्यांनाच विचारा.

याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला सगळ्यांत जड वाटते. एरवी गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारची असते. इथे न्यायालय धरूनच चालतं की मुलाने गाडी घेतली ती तुमच्या संमतीने. मला माहीत नव्हतं, मी पुरेपूर काळजी घेतली होती, हे बापाने किंवा मालकाने सिद्ध करायचं. आता गल्लीभर नारळ फोडून, हार घालून दिलेल्या गाडीबद्दल 'मला माहीत नव्हतं' हे कसं सिद्ध करणार? हा गुन्हा चौकात चलान भरून मिटणाऱ्यांतला नाही. न्यायालयाची पायरी चढावीच लागते.

पुण्याचं प्रकरण आठवा. १९ मे २०२४ ची पहाट, कल्याणीनगर. सतरा वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप असलेल्या पोर्शे गाडीने दुचाकीला धडक दिली आणि मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, जिवानिशी गेले. त्या गाडीची कायमची नोंदणीसुद्धा झालेली नव्हती. लोकांच्या लक्षात राहिला तो जामिनाच्या अटीतला तीनशे शब्दांचा निबंध. चीड येण्यासारखाच होता तो. पण निबंधाच्या गदारोळात दुसरी गोष्ट मागे पडली. दोन दिवसांत वडिलांना अटक झाली, गुन्ह्याला मोटार वाहन कायद्याची कलमं होती, पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरही आत गेले आणि एक अख्खं कुटुंब न्यायालयाच्या चकरांत अडकलं. त्यांच्याकडे मोठमोठे वकील होते. आपल्याकडे काय आहे? चार एकर पऱ्हाटी आणि बँकेचं पीककर्ज.

"पण आमचा पोट्टा लय सांभाळून चालवते जी." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता पाठ झालंय. चालवत असेल. तो शिकला कुठे? शेताच्या पांदणीवर, नाहीतर सुटीच्या दिवशी शाळेच्या मैदानावर. आणि जिल्ह्यातून रस्ते कोणते जातात ते पाहा. जामवरून हिंगणघाटकडे जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग. सेलू, वर्धा, देवळी करत यवतमाळकडे निघालेला नागपूर-तुळजापूर रस्ता. वर कारंजा-तळेगावचा नागपूर-अमरावती महामार्ग. आणि डिसेंबर २०२२ पासून येळाकेळीवरून चढता येणारा समृद्धी. पांदणीवर शिकलेला हात या रस्त्यांच्या कडेला येतो, समोरून येणाऱ्या ट्रकच्या वेगाचा अंदाज त्याला नसतो, आणि रस्ता ओलांडायला तो निघतो. गाडी चालवता येणं ही अर्धीच गोष्ट आहे. समोरचा काय करेल हे ओळखणं ही उरलेली अर्धी, आणि ती वयाने येते.

या जिल्ह्याने रस्त्यावरचं मरण जवळून पाहिलं आहे. २४ जानेवारी २०२२ च्या रात्री सेलसुऱ्याजवळच्या पुलावरून गाडी कोसळली आणि सावंगीला वैद्यकीय शिक्षण घेणारी सात मुलं गेली. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस पेटली, पंचवीस माणसं गेली, त्यांत कितीतरी आपल्या वर्ध्याची. या दोन्ही अपघातांचा लायसन्सशी मी काही संबंध जोडत नाही. आठवण करून देतो ती फक्त त्या आठवड्यांची, जेव्हा गावागावांत चुली पेटल्या नव्हत्या. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. हा आकडा केंद्र सरकारचा आहे.

दुसरं ठरलेलं वाक्य, "खेड्यात कोण पकडते?" खरं आहे. दारूबंदीच्या जिल्ह्यात राहतो आपण. कायदा कागदावर कसा झोपतो हे आपल्याला बाहेरच्याने शिकवायला नको. पण दारूबंदी आणि लायसन्स यांत एक फरक आहे. पोलिसाने चौकात अडवलं नाही, तरी अपघात एक दिवस अडवतोच. त्या दिवशी पंचनामा होतो, कागद मागतात, आणि मग विमा कंपनीचा माणूस येतो.

आता थोडं पैशाचं बोलू, कारण इथे लोक सगळ्यांत जास्त गाफील आहेत. गाडीचा विमा आहे ना, मग झालं, असं आपण धरून चालतो. समजा, तुमच्या गाडीखाली एक तीस वर्षांचा माणूस गेला. महिन्याला पंधरा हजार कमावणारा, घरात बायको, दोन मुलं आणि आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई कशी काढतं ते सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेलं आहे. वर्षाचे झाले एक लाख ऐंशी हजार. स्वतःच्या धंद्यावर किंवा ठरावीक पगारावर जगणारा आणि चाळिशीच्या आतला, म्हणून पुढच्या वाढीचे चाळीस टक्के धरतात, झाले दोन लाख बावन्न हजार. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले एक लाख एकोणनव्वद हजार. त्या वयाचा गुणक सतरा. गुणाकार करा, बत्तीस लाख तेरा हजार रुपये. अंत्यसंस्कार वगैरेंची रक्कम वेगळी, व्याज वेगळं.

चालवणाऱ्याकडे लायसन्स असेल तर हे पैसे विमा कंपनी भरते आणि विषय मिटतो. नसेल तर? २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग प्रकरणात जी वाट घालून दिली, त्याप्रमाणे कंपनीने आधी मेलेल्याच्या घरच्यांना पैसे द्यायचे, आणि मालकाने जाणूनबुजून किंवा हयगयीने अट मोडली असेल तर ते मालकाकडून वसूल करायचे. मेलेल्याच्या घराला न्याय मिळाला, हे उत्तमच झालं. पण मालकाचं काय? वसुलीसाठी न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांना दाखला देऊ शकतं, आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. जमीन महसुलाची थकबाकी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला मी समजावून सांगायची गरज नाही.

आणि समजा मेला तो गाडीचा मालकच. विम्यासोबत मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा असतो. तो मिळायची पहिली अट चालू लायसन्स. ज्या बाईने नवरा गमावला, तिच्या हातात त्या अटीमुळे कोरा कागद पडू नये, एवढं तरी घरच्या कर्त्याने बघावं.

ट्रॅक्टरवाल्यांना वेगळं सांगतो, कारण पेरणी तोंडावर आली आहे. सालदार ठेवताना आपण त्याला बैल जुंपता येतो का, फवारणी येते का, सगळं विचारतो. लायसन्स आहे का, हे विचारत नाही. ट्रॅक्टर शेतात आहे तोवर ठीक. गावातून डांबरी रस्त्याला लागला की तो मोटार वाहन आहे, आणि चालवणाऱ्याकडे हलक्या मोटार वाहनाचं लायसन्स लागतं. नसेल तर कलम १८० तुम्हाला लागतं, सालदार तर गरीब आहेच. मालकानेच खर्च करून सालदाराचं लायसन्स काढून द्यावं, ही माझी खास विनंती. एका फवारणीच्या औषधाएवढाही खर्च येत नाही. आणि बारा वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला लावण्याचं कौतुक आता बंद करा.

छोटा हत्ती, पिकअप चालवणाऱ्यांसाठी मात्र चांगली बातमी आहे, ती कोणी नीट सांगत नाही म्हणून इथे सांगतो. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोंपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला पक्कं केलं आहे. तेव्हा कोणी वेगळ्या लायसन्सची भीती घालून पैसे मागत असेल तर देऊ नका.

दुकानदारांच्या दोन बोलण्यांपासूनही सावध राहा. पहिलं, "सोळाव्या वर्षी लायसन्स भेटते." भेटतं, पण ते पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं. तुम्ही घेताय ती स्कूटी शंभर-सव्वाशे सीसीची आहे. तिच्यावर ते कागद चालत नाहीत. दुसरं, "बॅटरीच्या गाडीले लायसन्स नाही लागत." ज्या गाडीची मोटर अडीचशे वॅटच्या आत आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत, तिलाच ही सूट आहे. दुकानात पंचवीसची म्हणून विकतात आणि एक वायर काढली की ती चाळीसवर पळते. वायर काढली त्या क्षणी ती मोटार वाहन झाली. मग नोंदणी नाही, विमा नाही, लायसन्स नाही, आणि वर तुमचं पोरगं.

आता एक कबुली. पोरांच्या हातात गाडी आपण हौसेनेच देतो असं नाही. देवळीच्या पलीकडच्या एखाद्या गावातून सकाळी साडेसहाच्या शिकवणीला वर्ध्याला यायचं तर एसटीची वेळ जुळत नाही. २०२१-२२ च्या हिवाळ्यात एसटीचा संप पाच महिन्यांहून जास्त चालला. त्या संपात आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत दुसरी गाडी आली. एसटी परत आली, पण ती गाडी घरातून गेली नाही, आणि सकाळच्या फेऱ्या मागायची सवयही गेली. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, मुलांना भाड्यात दोन तृतीयांश सवलत. पास आहे, पण शिकवणीच्या वेळेला बस नसेल तर त्या पासाचं करायचं काय? म्हणून गावच्या वीस पालकांनी मिळून सही करून आगारप्रमुखांकडे वेळेची मागणी लेखी द्या. शिकवणीवाल्यांनाही सांगा, एसटीची वेळ पाहून वर्ग लावा. तुमचं ऐकतील, फी तुम्ही भरता. तोवर सायकल आहे, आणि वर्ध्याचा रस्ता बहुतेक सपाट आहे.

शेवटी माझी स्वतःची गोष्ट, म्हणजे मी उंटावरून शेळ्या हाकत नाही हे कळेल. मागे बँकेत ओळखपत्र मागितलं म्हणून पाकिटातलं लायसन्स काढलं. समोरच्या मुलीने कार्ड उलटंपालटं करून म्हटलं, "काका, हे तं संपलं." आठ महिने झाले होते. आठ महिने मी रोज गाडी चालवत होतो, नातवंडांना शाळेत सोडत होतो, आणि गल्लीतल्या पोरांना कायदा शिकवत होतो. त्या दिवशी घरी गाडी ढकलत आणली नाही, चालवतच आणली, हेही सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशीपासून मात्र पायी.

माझ्यासारखे खूप असतील. २०१९ च्या आधी लायसन्स वीस वर्षांचं किंवा पन्नासाव्या वर्षापर्यंतचं मिळे, यांतलं जे आधी येईल ते. म्हणजे वीस वर्षांपूर्वी कॉलेजात असताना काढलेली लायसन्सं आत्ता एकामागून एक संपताहेत, आणि कार्ड मात्र पाकिटात नव्यासारखं दिसतं. मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची सवलत होती, तीही आता नाही. मुदत संपायच्या आधी एक वर्षापासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरण होतं. ते वर्ष उलटलं की पुन्हा गाडी चालवून परीक्षा. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. माझं काम एका महिन्याच्या आत झालं, एजंटाशिवाय.

नवीन काढायचं असेल तर अठरा पूर्ण झालेल्या दिवशी 'सारथी'वर अर्ज करा. आधारची जोडणी असेल तर लर्निंगची परीक्षा घरबसल्या देता येते. साठ टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात. पोराच्या जागी बापाने परीक्षा देऊ नका, एवढी कृपा करा. लर्निंग सहा महिने चालतं, पक्कं लायसन्स तीस दिवसांनंतर. या काळात गाडीला पांढऱ्यावर लाल 'एल' हवा, आणि शिकवणारा लायसन्सवालाच हवा. लर्निंगवर दुचाकीच्या मागे मित्राला बसवता येत नाही. परीक्षा वर्ध्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात होते. तालुक्याला शिबिर कधी आहे ते तिथेच विचारून घ्या. कार्ड घरी विसरत असाल तर ते डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये घालून ठेवा. तिथलं चालतं. मोबाइलमध्ये काढून ठेवलेला कार्डाचा फोटो चालत नाही.

सरपंचांना आणि मुख्याध्यापकांना एक मागणं. १५ ऑगस्टला ग्रामसभा आहे. त्या दिवशी विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, आणि त्याआधी शाळेच्या फाटकापासून शंभर पावलांवर, पानठेल्याच्या मागे पोरं ज्या गाड्या लपवून लावतात, त्या एकदा मोजून ठेवा. नंबर लिहून ग्रामसभेत वाचा. पोरांची नावं वाचू नका, गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांची वाचा.

आमच्या गल्लीतल्या तीन गाड्यांपैकी एकीचा मालक परवा घरी आला. पोराला अठरा पूर्ण व्हायला पाच महिने आहेत म्हणाला, घरात चाबी ठेवली तर आई पाघळते. ती चाबी सध्या आमच्या घरी खुंटीला आहे. उरलेल्या दोन गाड्या आजही सकाळी सव्वासहाला दारावरून गेल्या.